‘परवडत नाही’ एवढ्यावर भागणार नाही

जुन्या दिव्यांतून धातू परत मिळवण्याचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेले असते: परवडत नाही. उत्पादक ते देतात, अभियंते देतात, महापालिकांच्या विद्युत विभागातले अधिकारी देतात आणि अलीकडे पर्यावरणाविषयी खरी कळकळ असलेली माणसेही देऊ लागली आहेत. हे उत्तर देणारे अडाणी नाहीत आणि अप्रामाणिकही नाहीत. त्यांच्याजवळ आकडे आहेत आणि एक भक्कम उदाहरणही आहे. म्हणूनच त्यांचे म्हणणे नीट ऐकून, मग ते खोडून काढले पाहिजे. कारण त्या एका उत्तराच्या भरवशावर येत्या काही वर्षांत आपण जे मातीत घालणार आहोत, ते पुन्हा गोळा करण्याची संधी येणार नाही.

त्यांचा पहिला मुद्दा एलईडीचा. एलईडी दिव्यात उजेड देणारी चिप मोहरीच्या दाण्याहून लहान असते. कृत्रिम नीलमण्याच्या पातळ चकतीवर गॅलियम नायट्राइडचे थर वाढवून ती तयार करतात. त्या थरांत थोडे इंडियमही असते. चिपमधून निळा प्रकाश निघतो आणि तिच्यावरचा पिवळा लेप, म्हणजे सिरियम मिसळलेले इट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट, त्याचा पांढरा उजेड करतो. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते या निळ्या प्रकाशासाठी. चिपमधले गॅलियम मात्र मायक्रोग्रॅममध्ये मोजावे लागते आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना जानेवारी 2015 मध्ये सुरू झाली. पुढच्या दहा वर्षांत तिच्यातून 36 कोटींहून अधिक एलईडी दिवे घराघरांत गेले. प्रत्येक दिव्यात दहा चिपा आणि चिपमागे 30 मायक्रोग्रॅम गॅलियम धरले, तर या सगळ्या दिव्यांतले गॅलियम एकत्र करूनही 110 किलोच्या आतबाहेर भरते. जगात वर्षाला काहीशे टन गॅलियम तयार होते. देशभरातले दिवे गोळा करा, फोडा, चिपा वेचा, आम्लात विरघळवा, आणि हाती लागणार एवढेच. मग हा खटाटोप कशासाठी, असा त्यांचा प्रश्न.

दुसरा मुद्दा फ्रान्सचा आणि तो अधिक वजनदार आहे. चीनने 2010 मध्ये दुर्मिळ मृदा धातूंची निर्यात आवळली आणि 2011 मध्ये त्यांचे भाव कित्येक पटींनी चढले. त्या धक्क्यातून सोल्वे या कंपनीने फ्रान्समध्ये ल्यॉनजवळच्या सँ-फोंस आणि अटलांटिक किनाऱ्यावरच्या ला रोशेल इथे वापरलेल्या फ्लुरोसंट दिव्यांच्या भुकटीतून हे धातू काढायला सुरुवात केली. तंत्र जमले, माल निघाला. पुढे चीनच्या निर्यात-कोट्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत निकाल लागला, भाव कोसळले, शिवाय एलईडी आल्यामुळे दिव्यांसाठी या धातूंची मागणीच आटली. 2016 मध्ये सोल्वेने ते काम बंद केले. युरोपातल्या मुरलेल्या रसायन कंपनीला, कचरा गोळा करण्याची चोख व्यवस्था हाताशी असताना जे जमले नाही, ते आपल्याला कसे जमणार?

यातला गॅलियमचा हिशेब मला मान्य आहे. फेकलेल्या एलईडी दिव्यांतून देशाची गॅलियमची गरज भागेल असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही. ‘कचऱ्यात सोन्याची खाण’ अशा मथळ्यांनी या विषयाचे नुकसानच केले आहे. लोक सोने शोधायला येतात, सोने दिसत नाही, मग सगळाच विषय खोटा ठरवून निघून जातात. चिपमधून बाहेर येणाऱ्या जोडतारांत एकेकाळी सोने असे. आता स्वस्त दिव्यांत त्या जागी बहुधा तांब्याच्या किंवा चांदीच्या मिश्रधातूची तार असते. सोन्याच्या आशेने दिवा फोडणाऱ्याची निराशा होणार हे नक्की.

पण गॅलियमचा हिशेब मांडून ‘दिव्यांत काही नाही’ असा निष्कर्ष काढणे ही फसगत आहे. या देशात आज जो दिवा सर्वाधिक महत्त्वाचा आहे तो एलईडी नव्हे. एलईडी लावताना जो खाली उतरवला जातो तो, म्हणजे आपली जुनी ट्यूबलाइट आणि तिच्यामागून आलेला सीएफएल. त्या नळीच्या आतल्या अंगाला जो पांढरा लेप असतो, त्याविषयी मला बोलायचे आहे.

नळीत पाऱ्याची वाफ असते. वीज वाहू लागली की ती वाफ डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण सोडते आणि काचेवरचा लेप त्यांचे उजेडात रूपांतर करतो. जुन्या जाड नळ्यांत हा लेप साध्या कॅल्शियम हॅलोफॉस्फेटचा असे. त्याला धातू म्हणून फारसे मोल नाही. पण नंतरच्या बारीक नळ्यांत आणि सीएफएलमध्ये तीन रंगांचे मिश्रण आले. लाल रंगासाठी यूरोपियम मिसळलेले इट्रियम ऑक्साइड, हिरव्यासाठी सिरियम आणि टर्बियम असलेले लँथॅनम फॉस्फेट, निळ्यासाठी यूरोपियम मिसळलेले बेरियम-मॅग्नेशियमचे ॲल्युमिनेट. अशा तिरंगी भुकटीत दुर्मिळ मृदा धातूंच्या ऑक्साइडांचे प्रमाण वजनाच्या पाव भागापर्यंत जाऊ शकते. चीनमधल्या बायान ओबो या दुर्मिळ मृदा धातूंच्या जगातल्या सर्वांत मोठ्या खाणीच्या खनिजातही ते याच्या आसपास पोचत नाही. प्रत्यक्षात गोळा होणाऱ्या भुकटीत काचेचा चुरा आणि स्वस्त हॅलोफॉस्फेट मिसळलेले असते, त्यामुळे प्रमाण बरेच खाली येते. ते खाली येऊनही ही भुकटी कोणत्याही नव्या खाणीइतकी विचारात घेण्याजोगी उरते. शिवाय तिच्यासाठी डोंगर फोडावा लागत नाही, वाळू उपसावी लागत नाही. ती एकदा कुणीतरी शुद्ध करून, रंगारंगांत वेगळी करून काचेवर लावून ठेवलेली आहे.

‘आपल्याकडे मोनाझाइटचे साठे आहेत, मग दिव्यांच्या मागे कशाला लागायचे?’ असे विचारणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे या धातूंचे खनिज आहे, साठ्यांच्या बाबतीत भारत जगातल्या पहिल्या काही देशांत येतो, हे खरे. पण आपल्या मोनाझाइटमध्ये भर आहे तो हलक्या दुर्मिळ मृदा धातूंचा: लँथॅनम, सिरियम, निओडिमियम, प्रासिओडिमियम. टर्बियम, डिस्प्रोसियम हे जड धातू त्यात काढण्याजोग्या प्रमाणात नाहीत. त्यातच मोनाझाइटबरोबर थोरियम येते, त्यामुळे ते खनिज अणुऊर्जा कायद्याच्या कक्षेत जाते आणि सगळे काम सावकाश, मोजक्या सरकारी हातांनी चालते. म्हणजे जे आपल्या वाळूत नाही तेच नेमके आपल्या जुन्या नळ्यांत आहे. हे धातू आपण आयात केलेल्या दिव्यांतून आणि आयात केलेल्या भुकटीतून वर्षानुवर्षे देशात आणले, त्यांचे पैसे मोजले आणि आता ते फुकट घालवायला निघालो आहोत.

टर्बियम आता दिव्यांसाठी लागत नाही, हेही विरोधक सांगतात. बरोबर. ते लागते चुंबकांसाठी. निओडिमियमचे शक्तिशाली चुंबक तापले की दुबळे होतात; त्यांत थोडे डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घातले की ते उष्णतेत तग धरतात. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या मोटरींत अशाच चुंबकांची गरज असते. इट्रियम तर विमानांच्या इंजिनातली पाती उष्णतेपासून वाचवणाऱ्या लेपात वापरतात. 4 एप्रिल 2025 रोजी चीनने ज्या सात धातूंच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, त्यांत टर्बियम आहे, डिस्प्रोसियम आहे आणि इट्रियमही आहे. त्याची झळ कुठे लागली ते महाराष्ट्राला सांगायला नको. चुंबक मिळेनात म्हणून विजेवरच्या चेतक स्कूटरचे उत्पादन ऑगस्टमध्ये थांबू शकते, असे बजाज ऑटोने जुलै 2025 मध्ये जाहीरपणे सांगितले होते. पुणे परिसरातल्या कारखान्याचे वेळापत्रक हजारो किलोमीटरवरच्या एका परवाना-कचेरीवर अवलंबून आहे हे त्या पावसाळ्यात सगळ्यांनी पाहिले.

नळ्यांतल्या टर्बियमवर वाहनउद्योग चालेल असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे एलईडीतून देशाची गॅलियमची गरज भागेल म्हणणाऱ्यांची चूक पुन्हा करणे. मला फ्रान्सच्या उदाहरणाकडे परत जायचे आहे, कारण विरोधक ते अर्धेच सांगतात. 2016 मध्ये ज्या ला रोशेलमध्ये दिव्यांच्या भुकटीवरचे काम थांबले, त्याच ला रोशेलमध्ये सोल्वेने एप्रिल 2025 मध्ये चुंबकांसाठी लागणाऱ्या दुर्मिळ मृदा धातूंचे नवे उत्पादन सुरू केले. ज्या महिन्यात चीनने बंधने घातली, तोच हा महिना. नऊ वर्षांत धातू बदलले नाहीत, रसायनशास्त्र बदलले नाही. बदलले ते भाव आणि राजकारण. ‘परवडत नाही’ हे वाक्य 2016 मध्ये खरे होते आणि 2025 मध्ये त्याचा खरेपणा संपत आला होता. बाजारभाव आजचा असतो, जमिनीत गाडलेली भुकटी मात्र कायमची जाते. आजच्या भावावरून कायमचा निर्णय घेणे हा कसला हिशेब?

आणि हा निर्णय कायमचा का, ते तारखांवरून कळते. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातल्या देशांनी 2023 मध्ये जिनिव्हात ठरवले की सरळ नळीचे फ्लुरोसंट दिवे 2027 पर्यंत उत्पादनातून आणि आयात-निर्यातीतून बाद करायचे. सीएफएलचा क्रम त्याआधीच लागला होता. भारतात एलईडीने हे काम कराराच्या पुढे नेले आहे. शाळा, रुग्णालये, कचेऱ्या, गिरण्या, बँकांच्या शाखा, गृहनिर्माण संस्थांचे जिने, सगळीकडे नळ्या उतरत आहेत. जे उतरायचे ते आता उतरते आहे आणि त्यानंतर नवे येणार नाही. खाणीत खनिज वाट पाहत राहते. दहा वर्षांनी भाव चढला तर तेव्हा खणता येते. नळ्यांचे तसे नाही. त्या एकदा कचरा डेपोवर फुटल्या की त्यांतली भुकटी चहाच्या पुडीएवढीही परत गोळा करता येणार नाही. म्हणून विरोधकांशी माझा वाद नफ्यातोट्याच्या आकड्यावर नाहीच. आज धातू काढणे परवडत नसेल तर काढू नका. पण भुकटी वेगळी करा आणि ठेवून द्या.

हे बोलायला सोपे आहे, जागा कुठून आणणार, असे कुणी म्हणेल, तर जागेचा हिशेबही करू. चार फुटी बारीक नळीत दोन ग्रॅम भुकटी धरा. दहा लाख नळ्यांची भुकटी झाली दोन टन. ती दोनशे लिटरच्या दहा-पंधरा पिंपांत मावते. एका मोठ्या शहराची अनेक वर्षांची भुकटी एका बंदिस्त खोलीत राहील. काच भरपूर निघते, ती काच-उद्योगाला वापरता येते. दोन्ही टोकांच्या ॲल्युमिनियमच्या टोप्या भंगारात ताबडतोब विकल्या जातात. साठवायची ती फक्त भुकटी आणि तीही आधी तापवून, पारा उडवून, तो थंड करून वेगळा धरल्यानंतर. हे तंत्र नवे नाही. नळीची टोके कापायची, हवेच्या झोताने लेप बाहेर काढायचा, सगळे काम ऋण दाबाच्या बंद यंत्रात करायचे, म्हणजे पाऱ्याची वाफ माणसाच्या नाकापर्यंत येत नाही. युरोपात ही यंत्रे कित्येक दशके चालली आहेत.

धातू काढण्याचे रसायनही गूढ नाही आणि इथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण ‘फार क्लिष्ट आहे’ हा बचावही वारंवार पुढे येतो. मिश्रणातले तीन रंग आम्लाला एकसारखे जुमानत नाहीत. स्वस्त हॅलोफॉस्फेट अगदी सौम्य आम्लात आधी विरघळते, ते बाजूला काढता येते. मग त्याहून तीव्र आम्लात लाल भुकटीतले इट्रियम आणि यूरोपियम उतरते. हिरवी भुकटी हट्टी आहे. तिच्यातले फॉस्फेट आम्लाला दाद देत नाही. तिला सोड्याबरोबर चांगली भाजून घ्यावी लागते, मग ती विरघळते आणि टर्बियम हाती येते. म्हणजे पायरीपायरीने जाता येते, पैसा असेल तितक्याच पायऱ्या चढता येतात. इट्रियम-यूरोपियमवर थांबून हिरवा उरलेला भाग पुढच्या काळासाठी ठेवता येतो. जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा आणि पुण्यात मुख्यालय असलेली ‘सी-मेट’ ही संस्था इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातून धातू काढण्यावर वर्षानुवर्षे काम करत आहेत. सी-मेटचे ई-कचऱ्याचे केंद्र हैदराबादला आहे. माणसे आहेत, प्रयोगशाळा आहेत. नाही ते भुकटीचे पिंप.

ते का नाही? कारण आपली नियमावली या भुकटीला माल समजत नाही. ई-कचरा व्यवस्थापन नियम 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. त्यांत फ्लुरोसंट आणि पारायुक्त दिवे आहेत, तंतूचे बल्ब सोडून इतर प्रकाशसाधनेही आली आहेत. एवढे चांगले झाले. उत्पादकाने आपल्या मालाच्या वजनाच्या प्रमाणात पुनर्चक्रण करून घ्यायचे आणि त्याची प्रमाणपत्रे विकत घ्यायची, अशी ती व्यवस्था आहे. पण या प्रमाणपत्रांची सुरुवात झाली ती चार धातूंवर: सोने, तांबे, ॲल्युमिनियम, लोखंड. पुनर्चक्रण करणाऱ्याने इट्रियम काढले काय आणि टर्बियम काढले काय, त्याच्या खात्यावर त्याचे काही जमा होत नाही. मग तो का काढील? त्याच नियमांत ई-कचरा साठवण्याची मुदत साधारणपणे 180 दिवसांची आहे. कचऱ्याचे डोंगर साचू नयेत हा हेतू योग्यच. पण त्यामुळे भुकटी राखून ठेवू इच्छिणारा माणूसही अडचणीत येतो. पाराबाधित भुकटी मग घातक कचऱ्याच्या वाटेला लागते. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची केंद्रे आहेत. तिथे ती इतर कारखान्यांच्या गाळात मिसळली की विषय मिटला. तिच्यासाठी वेगळा, नोंद केलेला कप्पा ठेवायला काय हरकत आहे? जमीन तीच, खर्च जवळपास तोच. फक्त काय कुठे ठेवले हे पुढच्या पिढीला सापडेल.

जून 2023 मध्ये केंद्र सरकारने देशासाठी अत्यावश्यक अशा 30 खनिजांची यादी काढली. तीत गॅलियम आहे, इंडियम आहे आणि दुर्मिळ मृदा धातूंचा गटही आहे. सप्टेंबर 2025 मध्ये अशा खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी 1,500 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. मला ती योजना हवीच आहे. पण ती मुख्यतः कारखान्याच्या यंत्रांना आणि चालवण्याच्या खर्चाला हातभार लावते आणि दिव्यांची खरी अडचण कारखान्याच्या फाटकाबाहेर आहे. नळी फाटकापर्यंत अखंड पोचत नाही.

इथे विरोधकांचा तिसरा मुद्दा येतो: ‘भंगारवाला हे सगळे करतोच आहे, बाजाराला त्याचे काम करू द्या.’ भंगारवाल्याविषयी मला अपार आदर आहे. या देशात जे काही परत वापरले जाते ते बहुतांशी त्याच्या आणि कचरावेचक बायांच्या कष्टावर. पुण्यात 1993 मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यातून आलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था यांनी हे काम सन्मानाने कसे करता येते ते दाखवून दिले आहे. पण भंगारवाला वजनावर विकत घेतो. जुन्या चोकमधले तांबे तो घेईल, पट्टीचा पत्रा घेईल, एलईडीची ॲल्युमिनियमची चकती घेईल. नळी तो घेत नाही, कारण काचेला भाव नाही आणि ती वाटेत फुटते. मग ती घंटागाडीत जाते, गाडीत फुटते आणि आतला पारा गाडीमागे उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासात जातो. एका नळीत तो काही मिलिग्रॅमच. जुन्या नळ्यांत दहा मिलिग्रॅमच्या वरही असे. पण गाडीवरचा माणूस एक नळी हाताळत नाही. पाऱ्याची वाफ मज्जासंस्थेला आणि मूत्रपिंडांना इजा करते, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बाजाराला काम करू द्या म्हणणाऱ्यांनी सांगावे की या माणसाच्या फुप्फुसाचा भाव बाजाराने कुठे लावला आहे. दिवे नीट गोळा करायला धातूचे मोल पुरत नसेल तर त्यात या आरोग्याचे मोल मिळवा. दोन्ही कामे एकाच यंत्रात होतात, एकाच खर्चात होतात. भुकटी वेगळी करण्याचा खर्च परवडत नाही म्हणणारे पारा आवरण्याचा खर्चही टाळत असतात, हे त्यांच्या लक्षात आले नसेल तर आणून दिले पाहिजे.

एलईडीचा प्रश्न मी सोडून दिलेला नाही. गॅलियम विसरा, दिवा वजनावर मोजा. साधा नऊ वॉटचा दिवा साठ ग्रॅमचा धरला तर ‘उजाला’तले 36 कोटी दिवे मिळून 21 हजार टनांच्या वर जातात. त्यांत ॲल्युमिनियम आहे, तांबे आहे, कथिल आहे, थोडी चांदी आहे. भंगारातून ॲल्युमिनियम वितळवायला खनिजापासून ते करण्याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. वीज वाचवण्यासाठी लावलेल्या दिव्यातले ॲल्युमिनियम फेकून द्यायचे आणि नवे करायला पुन्हा वीज जाळायची, याला कोणता हिशेबनीस मान्यता देईल? रस्त्यावरच्या दिव्यांची गोष्ट तर आणखी सरळ आहे. 2015 पासूनच्या राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमात एक कोटीहून अधिक एलईडी पथदिवे लागले. त्यांची खोकी ओतीव ॲल्युमिनियमची, जड, एकाच मालकाची आणि खांबावर क्रमांक टाकलेली. यांतले पहिले दिवे आता बदलायला आले आहेत.

त्यातही मोडीत काढण्याआधी दुरुस्ती. दिवा बंद पडतो तेव्हा बहुधा सगळ्या चिपा मेलेल्या नसतात. त्या एकापाठोपाठ एक जोडलेल्या असतात. एक तुटली की सगळी माळ अंधारते. नाहीतर वीज पुरवणाऱ्या पट्टीवरचा एखादा कपॅसिटर उष्णतेने सुकलेला असतो. गावोगावच्या बाजारात वीस-तीस रुपयांत असे दिवे जिवंत करून देणारे कारागीर आहेत. पण झाकण गोंदाने चिकटवलेले, आतला भाग रसायन ओतून बुजवलेला, असा दिवा बनवला तर ना दुरुस्ती होते ना धातू सुटा होतो. ‘उजाला’च्या मोठ्या खरेदीने 2014 मध्ये तीनशे रुपयांच्या वर असलेला दिवा दोनच वर्षांत चाळीस रुपयांच्या खाली आणला. त्या खरेदीदाराच्या शब्दाला किती वजन होते ते यावरून दिसते. त्याच निविदेत ‘झाकण स्क्रूने उघडले पाहिजे’ एवढी ओळ असती तर कोट्यवधी दिवे वेगळे बनले असते. ती घातली गेली नाही, याचे मला मनापासून दुःख आहे.

राहिला प्रश्न पैसा कुणी द्यायचा. सगळ्या वादाच्या तळाशी खरे तर हाच आहे. सरकारने पुनर्चक्रण करणाऱ्याला ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोमागे किमान 22 रुपये मिळावेत असे ठरवले, तेव्हा 2025 मध्ये काही मोठ्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालय काय म्हणायचे ते म्हणेल. पण साठ ग्रॅमच्या दिव्याला हाच दर लावून पाहा: दिव्यामागे सव्वा-दीड रुपया. स्वित्झर्लंडमध्ये दिवा विकत घेतानाच पुनर्चक्रणाचे शुल्क भरावे लागते. फ्रान्समध्ये ते बिलावर वेगळे छापलेले असते. ग्राहकाला कळते की या वस्तूच्या शेवटाचा खर्च आपण आधीच दिला आहे. आपल्याकडे तोच सव्वा-दीड रुपया न घेता तो घंटागाडीवरच्या कामगाराकडून त्याच्या शरीराच्या रूपात वसूल होतो. परवडत नाही हे कुणाला, असा प्रश्न विचारला की उत्तर देणाऱ्यांपैकी कुणाच्याच खिशाला या कामाची झळ बसलेली नाही, हे ध्यानात येते.

घराघरांतून एकेक नळी गोळा करायची म्हटले तर काम अशक्य वाटते आणि विरोधक नेहमी तिथूनच सुरुवात करतात. सुरुवात तिथून करूच नये. ज्यांच्याकडे नळ्या हजारांनी आहेत त्यांच्यापासून करावी: महापालिका, जिल्हा परिषदेच्या शाळा, सरकारी रुग्णालये, विद्यापीठे, रेल्वे, एमआयडीसीतले कारखाने. इथे प्रत्येक पट्टीची जडवस्तू नोंदवहीत नोंद असते आणि ती मोडीत काढताना निर्लेखनाचा कागद फिरतो. आज त्या कागदावर पट्टी आणि चोक लिलावात जातात आणि नळ्यांच्या रकान्यापुढे काहीच नसते. नव्या एलईडीच्या निविदेत एवढेच घालावे की जो नवे दिवे लावील त्याने उतरवलेल्या नळ्या, ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून नवे दिवे आले त्याच खोक्यांत भरून, नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रात अखंड पोचवाव्यात आणि पोचपावती जोडल्याशिवाय त्याचे शेवटचे बिल निघू नये. फुटलेल्या नळ्यांची टक्केवारी पावतीवर लिहावी आणि ठरावीक मर्यादेपुढे गेली तर रक्कम कापावी.

यातले काहीही करायला संसदेत जावे लागत नाही. महापालिका आयुक्तांच्या किंवा जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या परिपत्रकावर ते होते. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने भुकटीसाठी वेगळा कप्पा आणि दीर्घ साठवणुकीची परवानगी द्यावी, केंद्रीय मंडळाने दुर्मिळ मृदा धातूंना प्रमाणपत्रांच्या यादीत घ्यावे, हे पुढचे टप्पे. पहिला टप्पा मात्र येत्या आर्थिक वर्षाच्या निविदांतच घ्यायला हवा, कारण उरलेल्या नळ्या याच निविदांखाली उतरणार आहेत.